तीन इंच बाहेर

टेम्पोतून आलेल्या दोन पोरांनी गादी जिन्याने दुसऱ्या मजल्यावर चढवली, पलंगावर टाकली आणि दोघंही बाजूला होऊन उभे राहिले. मीही उभाच. बायको चहाचे कप घेऊन दारात. गादी पायथ्याकडून तीन इंच बाहेर आली होती. थोरल्या पोराने ती उशाकडे ढकलली, मग गुडघ्याने रेटली. तीन इंच काही कुठे जाईनात.

"काका, माप घेतलं नव्हतं का?" त्याने विचारलं.

साल 2005. पिंपरी-चिंचवडमधल्या एका कारखान्यात क्वालिटी कंट्रोलमध्ये मला तेव्हा अठरा वर्षं झाली होती. मापं घेणं हाच माझा धंदा. दोन शतांश मिलिमीटर जास्त भरलेला शाफ्ट मी लाल टॅग लावून परत पाठवत असे, आणि ज्याने तो केला त्याला व्हर्नियर कसा धरायचा यावर दहा मिनिटं ऐकवत असे. घरच्या पलंगाला मात्र टेप लावला नव्हता. सुताराकडून आम्ही तो 'सहा बाय सव्वासहा' करून घेतला होता, म्हणजे 72 बाय 75 इंच. दुकानदाराने विचारलं, "किंग साइज ना?" मी म्हटलं, "हो." त्याचा किंग 78 इंच लांब होता. बाजारात 72, 75 आणि 78 अशा तिन्ही लांब्या चालतात आणि जो तो आपल्याच मापाला स्टँडर्ड म्हणतो. हे मला त्या दिवशी कळलं. तोवर प्लास्टिक फाडून झालं होतं, आणि फाडलेल्या प्लास्टिकची गादी दुकानदार परत घेत नाही. हेही त्याच दिवशी कळलं.

मग सुताराला बोलावून पलंगाच्या पायथ्याला तीन इंचांची पट्टी जोडून घेतली. जॉब फिक्स्चरमध्ये बसत नाही म्हणून फिक्स्चरच वाढवायचं, असला प्रकार माझ्या हाताखालच्या कुणी केला असता तर मी त्याला उभा सोलला असता. पट्टी छान बसली. फक्त समोरच्या कपाटाचं दार तेव्हापासून अर्धंच उघडतं. गेली वीस वर्षं बायको तिच्या साड्या त्या अर्ध्या दारातून तिरका हात घालून काढते. त्यावर ती काही बोलत नाही, आणि ते न बोलणं मला दर वेळी ऐकू येतं.

पण ही काही माझी पहिली चूक नव्हे.

आम्ही यवतमाळकडचे. वडिलांचं वावर होतं, त्यात कापूस. माझ्या लग्नात आईने दोन गाद्या भरून दिल्या, घरच्या कापसाच्या, एकेकीत तेरा-चौदा किलो. पिंजारी अंगणात बसला होता. त्याच्या धनुकलीचा 'टुंग टुंग' आवाज सकाळपासून दुपारपर्यंत चालला आणि अंगणभर कापसाचे पुंजके उडत होते. आई ओट्यावर राखणीला, आपला लांब धाग्याचा कापूस जाऊन दुसराच आत जाऊ नये म्हणून. मग लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या गादीपाटात कापूस भरला गेला, काठीने झोडून सारखा केला, आणि वीतभर सुईने आरपार टाके पडले.

कापसाची गादी दोन-तीन वर्षांत दबते. अंगाच्या वजनाने आणि घामाने तंतू एकमेकांत अडकतात, गाठी होतात, मधली हवा निघून जाते. पिंजलं की तंतू सुटे होतात, हवा परत येते आणि गादी पुन्हा फुगते. दर खेपेला थोडे तंतू तुटून धूळ होतात, तेवढा नवा कापूस घालायचा. म्हणजे ती गादी दुरुस्त होणारी वस्तू होती. मी तिच्याकडे बिघडणारी वस्तू म्हणून पाहिलं. 1997 साली आम्ही निगडीत स्वतःच्या फ्लॅटमध्ये आलो. नव्या घरात पट्ट्यापट्ट्यांच्या गाद्या बऱ्या दिसेनात, सोसायटीत पिंजारी कुठून आणायचा हाही प्रश्न होता. मी दोन्ही गाद्या वॉचमनला देऊन टाकल्या आणि काथ्याची गादी आणली. दुकानदार म्हणाला, "साहेब, आता पिंजायची कटकट आयुष्यात नाही." ते खरंच होतं. पिंजून नीट होईल असं तिच्यात काही नव्हतंच.

आई दिवाळीला आली तेव्हा तिने पलंगावर हात फिरवला आणि विचारलं, "काहून देऊन टाकल्या रे? आपल्या वावरातला कापूस होता थो."

मी म्हटलं, "आई, आता असंच असतं."

काथ्याच्या गादीत नारळाच्या सोडणाचे धागे रबराच्या चिकाने एकमेकांना धरलेले असतात. पहिली दोन वर्षं ती उत्तम होती: कडक, हवेशीर, उन्हाळ्यात गार. पण माणसाचं सगळ्यात जास्त वजन कमरेपाशी पडतं. तिथला चीक हळूहळू सुकून कडक होतो, तडकतो, सुटलेले धागे तुटतात. चौथ्या वर्षी मध्ये झोळी तयार झाली. आम्ही दोघं आपापल्या कडेला झोपायचो आणि पहाटे मध्यभागी भेटायचो. यात कुणाला काव्य दिसत असेल तर त्याने सलग चार वर्षं तसं झोपून पाहावं. मी गादी उलटी केली, उशा-पायथ्याची अदलाबदल केली, खाली गोधडीची घडी घालून पाहिली. बदलली मात्र नाही. पैसे वसूल व्हायचे होते ना! शेवटी 2005 च्या पावसाळ्यात ती उचलली तर खाली प्लायवर काळी बुरशी. बंद पेटीचा पलंग, प्लायला एकही भोक नाही, रोज रात्री दोन माणसांच्या अंगची वाफ खाली जाणार आणि तिथेच राहणार. सुताराने ती पट्टी जोडायच्या वेळी प्लायला इंचाइंचाची वीस भोकंही पाडून दिली. त्या सगळ्या उपद्व्यापात झालेलं एवढंच एक शहाणपणाचं काम, आणि तेही सुताराने स्वतःच सुचवलेलं.

ती तीन इंच बाहेर आलेली गादी फोमची होती. "फॉर्टी डेन्सिटी, साहेब," दुकानातल्या मुलाने सांगितलं होतं आणि मी माहीतगारासारखी मान डोलावली होती. फॉर्टी म्हणजे कडक, असं मी धरून चाललो. इथे मला जरा थांबायला हवं, कारण ही चूक मला अजून टोचते. घनता आणि कठीणपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिकाऊ मुलांना रॉकवेल टेस्टरसमोर उभं करून मी हेच वर्षानुवर्षं शिकवत आलो. फोमची घनता म्हणजे एका घनमीटरला किती किलो माल भरलाय ते. ती जास्त असेल तर फोम जास्त काळ टिकतो. तो अंगाला किती टणक लागेल हे निराळंच माप. एकाच घनतेचा फोम मऊही बनवता येतो, कडकही. मी आकडा ऐकला आणि त्याचा मला हवा तो अर्थ लावला. प्रत्यक्षात गादी मऊ निघाली, आणि दुकानातला मुलगा सांगत होता ती घनताही तिच्यात नसावी, कारण पाचव्या वर्षी खड्डा पडला.

वॉरंटी दहा वर्षांची होती. कंपनीचा माणूस आला. त्याने गादीवर आडवी दोरी ताणून धरली आणि दोरीपासून खड्ड्याच्या तळापर्यंत पट्टीने मोजलं. बावीस मिलिमीटर. वॉरंटीत पंचवीस मिलिमीटरच्या आतला खड्डा 'नैसर्गिक' धरला होता. मी स्वतः मोजलं. बावीसच. त्याला चहा दिला आणि जाऊ दिलं. आयुष्यभर ज्या टॉलरन्सच्या जोरावर मी दुसऱ्यांचा माल नापास केला, त्याच्याच जोरावर त्याने माझी तक्रार नापास केली. वाद घालायला जागाच नव्हती.

तोवर माझी कंबर धरली होती. मी पन्नाशीच्या उंबरठ्यावर होतो आणि ऑफिसात जो तो सांगत होता, "कडक गादी घ्या, जमिनीवर झोपा." 2010 साली मी 'ऑर्थोपेडिक' असं मोठ्या अक्षरात छापलेली गादी घेतली. एकोणीस हजार रुपये. दुकानात उभ्याउभ्याच तळहाताने दाबून पाहिली. बसलो नाही, आडवं पडायची तर गोष्टच सोडा. चारचौघांत, बूट काढून, बायकोशेजारी गादीवर पडायचं? माझ्या पिढीच्या माणसाला ते जमण्यातलं नव्हतं. तळहाताला ती फळीसारखी लागली. मला वाटलं, वा, हीच.

तळहातावर कुणी झोपत नाही, हे मला तेव्हा सुचलं नाही.

चार महिन्यांत माझी कंबर होती तिथेच आणि बायकोचा उजवा खांदा धरला. ती कुशीवर झोपते. कुशीवर झोपणाऱ्याचा खांदा आणि खुबा थोडा आत रुतावा लागतो. नाही रुतला तर रात्रभर सगळं वजन त्या दोन हाडांवर. माझं वजन 78 किलो, तिचं 52. मला जी गादी नुसती कडक लागत होती ती तिला फरशी लागत होती. ती खांद्याला बाम लावायची आणि मी विचारलं की म्हणायची, "वयाने होतं." शेवटी मीच तिला डॉक्टरांकडे नेलं. सोबत माझी कंबरही दाखवली आणि वर सांगितलं, "गादी तर ऑर्थोपेडिक घेतलीय."

डॉक्टर म्हणाले, "मीही ऑर्थोपेडिक आहे. आम्हा दोघांपैकी परीक्षा फक्त मी दिलीय."

मग त्यांनी मला स्पेनमधल्या एका अभ्यासाबद्दल सांगितलं, 2003 साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आलेला. जुनाट कंबरदुखीचे 313 जण घेतले, काहींना कडक गादी दिली, काहींना मध्यम कडक, कुणाला कुठली हे न सांगता. नव्वद दिवसांनी मध्यम गादीवाल्यांचं दुखणं कडकवाल्यांपेक्षा जास्त कमी झालं होतं. मी गादी घेतली त्याच्या सात वर्षं आधीची गोष्ट. माहिती जगात होती, मी ती ऑफिसातल्या चहाच्या टेबलावर शोधत होतो. आणि 'ऑर्थोपेडिक' हा शब्द छापायला कुठली ठरावीक कसोटी पास व्हावी लागत नाही, हेही डॉक्टरांकडूनच कळलं. कारखान्यात कुणी सर्टिफिकेटशिवाय माल आणला असता तर मी गेटवरूनच परत पाठवला असता.

आता पुढची गादी. तिच्याबद्दल लिहायचं म्हणून हा सगळा लेख, आणि तिच्यापाशी यायला मी एवढा वेळ लावला.

2014 साली वडील गेल्यावर आई आमच्याकडे राहायला आली. वय ऐंशीच्या पुढे, उंची जेमतेम चार फूट दहा इंच. मी ठरवलं, आईला आता उत्तम काहीतरी द्यायचं. मुलाच्या खोलीतला पेटीचा पलंग तिच्यासाठी रिकामा केला आणि त्यावर आठ इंच जाडीची मेमरी फोमची गादी आणून टाकली. आजवरच्या गाद्यांमध्ये सगळ्यात महाग. दुकानातला मुलगा म्हणाला, "काका, नासाचं तंत्रज्ञान आहे." ते खोटं नव्हतं. 1966 साली नासाच्या एम्स केंद्रासाठी चार्ल्स योस्ट नावाच्या इंजिनियरने हा फोम तयार केला, विमानातल्या आसनांसाठी. अंगाच्या उष्णतेने तो मऊ होतो, अंगाचा आकार घेतो आणि सावकाश पूर्ववत होतो. मी हे आईला उत्साहाने सांगितलं. तिने गादीकडे पाहिलं, मग पलंगाकडे, मग माझ्याकडे.

"गादी हाय का मचान हाय रे बाप्पा?"

मी हसलो. बायको हसली नाही. ती म्हणाली, "अहो, त्यांचे पाय टेकत नाहीयेत." मी पाहिलं. आई काठावर बसली होती आणि तिची पावलं जमिनीपासून वर लोंबत होती, लहान मुलीसारखी. मी म्हटलं, "पाटावर पाय ठेवून चढेल, सवय होईल." दुसऱ्या दिवशी पाट आणून ठेवला. आई दोनदा म्हणाली, "मले खालीच टाकून दे." दोन्ही वेळा मी म्हटलं, "खाली कशाला, एवढी चांगली गादी आहे." गादी चांगली होतीच. चूक तिची नव्हती.

पलंग अठरा इंच, वर गादी आठ इंच, म्हणजे सव्वीस. साधी बेरीज. मी ती केली तिसऱ्या आठवड्यात, पहाटे साडेतीनला, आईच्या खोलीच्या फरशीवर बसून.

ती बाथरूमला जायला उठली होती. मेमरी फोममध्ये रुतलेल्या म्हाताऱ्या माणसाला कूस वळून उठणं जड जातं. ती कशीबशी काठाशी आली, अंधारात पायाने पाट चाचपू लागली, आणि फोमचा काठ तिच्या वजनाने दबून खाली वाकला. ती घसरली, उजवा हात टेकवला आणि मनगट मोडलं. आरडाओरडा केला नाही. 'अगं माय' एवढंच आम्हाला ऐकू आलं.

सहा आठवडे प्लास्टर होतं. हाड जुळलं, पण त्या वयात जुळतं तसं जुळलं. मनगट पूर्वीसारखं वळेना. आई रोज दुपारी वाती वळायची. सरकी काढलेल्या कापसाचा पुंजका मांडीवर घेऊन दोन बोटांत धागा फिरवायची आणि बघता बघता डबा भरायचा. सोसायटीतल्या चार घरांना श्रावणात तिच्याच वाती जायच्या. प्लास्टर निघाल्यावर तिने वळून पाहिल्या. जाड झाल्या, मध्येच सुटल्या. तिने त्या डब्यात टाकल्या नाहीत, कचऱ्यात टाकल्या. पुढे घरात वाती विकतच्या येऊ लागल्या. यावर ती कधी काही बोलली नाही. बोलली असती तर मला बरं वाटलं असतं, पण मला बरं वाटावं ही तिची जबाबदारी नव्हती.

मग मी ते केलं जे आधी करायला हवं होतं. आईला खुर्चीत ताठ बसवलं आणि गुडघ्याच्या खोबणीपासून टाचेपर्यंत टेप लावला. पंधरा इंच. सुताराकडून अकरा इंच उंचीची साधी खाट करून घेतली, वर चार इंचांची कापसाची गादी. 'गादी कारखाना' असा बोर्ड लावलेली दुकानं अजून सगळीकडे आहेत. मला ती इतकी वर्षं दिसली नव्हती, एवढंच. कापूस यवतमाळचा हवा असं सांगितलं तर दुकानदार म्हणाला, "काका, कापसावर गावाचं नाव नसतं." आई खाटेवर बसली, दोन्ही पावलं जमिनीवर सपाट टेकली. ती म्हणाली, "हे बरं केलं." 2018 पर्यंत ती त्याच खाटेवर झोपली आणि पुन्हा पडली नाही.

आमची दोघांची गादी मी 2019 साली बदलली. बदलली म्हणजे बायकोने बदलली. मी दुकानात पैसे द्यायला होतो. ती चप्पल काढून सरळ आडवी झाली, कुशीवर वळली आणि घरून आणलेली स्वतःची उशी डोक्याखाली घेतली. वीस मिनिटं. दुकानातला मुलगा घड्याळ पाहत होता. मग तिने मलाही झोपायला सांगितलं. झोपलो. लोक पाहत होते, आणि ते पाहतील याची जेवढी भीती होती त्यापेक्षा बरीच कमी लाज वाटली. पाठ दोन मिनिटांत सांगते ते तळहाताने मला तीस वर्षं सांगितलं नव्हतं. तिला जी बरी वाटली ती मला मऊ, मला जी बरी ती तिला कडक. पूर्वी अशा वेळी मी मधली काढली असती, म्हणजे माझी. या वेळी 78 बाय 36 च्या दोन वेगवेगळ्या गाद्या घेतल्या, एक मध्यम कडक, एक मऊ. शेजारीशेजारी घातल्या, वर एकच चादर. माप मी घरून कागदावर लिहून नेलं होतं, लांबी, रुंदी आणि जमिनीपासूनची उंची. ते बायकोने पुन्हा एकदा टेप लावून तपासलं. दोन गाद्यांच्या मध्ये फट पडते आणि रात्री तिच्यात माझा चष्मा जातो. तिचा खांदा मात्र दुखायचा थांबला.

आईच्या खाटेवरची गादी मी गेल्या एप्रिलमध्ये पिंजून आणली. हल्ली ते काम यंत्रावर होतं, धनुकली दुकानात नुसती भिंतीला टांगलेली होती. देताना वजन अकरा किलो, घेताना साडेदहा. अर्धा किलो धूळ, असं दुकानदार म्हणाला. गादी दोन दिवस गच्चीत उन्हात ठेवली आणि पुन्हा खाटेवर घातली. दुपारी मी तिथेच पडतो. झोप चांगली लागते. उठून काठावर बसलो की गुडघे जरा वर येतात, कारण माप माझं नाही.